मशीनच्या आत जाण्याआधी : पहिल्या स्कॅनची भीती आणि वाचकांचे प्रश्न

एमआरआय किंवा सीटी स्कॅन पहिल्यांदाच काढायचा आहे आणि त्या विचारानेच पोटात गोळा येतो, अशी पत्रं या सदराकडे सतत येतात. त्यांतली काही निवडून, सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतली आहेत. औषध घ्यायचं की नाही आणि किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे.

प्रश्न : वारंवार डोकं दुखतं म्हणून मेंदूचा एमआरआय सांगितला आहे. मला लिफ्टमध्येसुद्धा घुसमटतं. त्या बोगद्यात अर्धा तास कशी पडून राहू?

उत्तर : आधी एक फोन करा. वेळ देणाऱ्या माणसाला सरळ सांगा, ‘मला बंद जागेची भीती वाटते आणि हा माझा पहिलाच एमआरआय आहे.’ हे चार दिवस आधी कळलं तर तुमच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवता येतो, रुंद मशीन असेल तर तिथे तुमचा नंबर लावता येतो आणि गरज पडलीच तर भीती कमी करणारी गोळी लिहून घ्यायलाही सवड मिळते. टेबलावर आडवं झाल्यावर सांगितलंत तर यातलं फारसं काही हातात उरत नाही. बाहेर पुढचे पेशंट खोळंबलेले असतात, टेक्निशियन घाईत असतो आणि ती घाई तुमच्या छातीत धडधड वाढवते.

फोनवरच मशीनच्या तोंडाचा व्यास विचारून घ्या. नेहमीच्या मशीनचा तो 60 सेंटिमीटर असतो, रुंद मशीनचा 70. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण खांद्यांना आणि चेहऱ्यासमोर तो चांगलाच जाणवतो. ‘ओपन’ मशीनबद्दलही बरेच जण विचारतात. ते बाजूंनी मोकळं असतं हे खरं, पण एमआरआय ज्या चुंबकावर चालतो, ते यात सहसा कमी ताकदीचं असतं. त्यामुळे वेळ जास्त लागतो किंवा चित्रातले बारकावे कमी होतात. तुमच्या तपासणीला ते पुरेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

आता आत काय असतं ते पाहू. नळी दोन्ही टोकांना उघडी असते. आत दिवा आणि पंखा असतो. पंखा बंद वाटला तर लावायला सांगा. हवा मुळात कमी पडत नसतेच, पण चेहऱ्यावर वारा लागला की ते मनालाही पटतं. मेंदूच्या तपासणीत लोक बोगद्यापेक्षा जास्त दचकतात ते डोक्याच्या कॉइलला, आणि तिच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. ही प्लॅस्टिकची जाळीदार टोपी डोक्याभोवती, चेहऱ्यावरूनही बसवतात. शरीरातून येणारे क्षीण संकेत टिपण्याचं काम ती करते. ती जितकी जवळ तितकं चित्र स्वच्छ, म्हणून ती टाळता येत नाही. कानांच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या खोचतात. बऱ्याच कॉइलवर तिरका आरसा बसवता येतो. त्यातून स्वतःच्या पायांपलीकडची खोली किंवा काचेमागचा टेक्निशियन दिसतो. आरसा आहे का ते विचारा. नसेल, किंवा आरसा नको असेल, तर टेबल सरकण्याच्या आधीच डोळे मिटा आणि वर घडी केलेला कपडा ठेवायला सांगा. दोन्हींपैकी एक आधी ठरवा. डोळे मिटून आत गेल्यावर मध्येच उघडून पाहिलं, की छत एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं आणि बरेच जण नेमके त्याच क्षणी घाबरतात.

हातात रबरी फुगा देतात. सुरू करण्याआधी तो एकदा दाबून बघा आणि पलीकडे आवाज गेला ना ते विचारा. फुगा दाबला की टेक्निशियन माइकवरून बोलतो आणि गरज असेल तर काही सेकंदांत टेबल बाहेर येतं. वीज गेली तरी ते हाताने ओढून काढता येतं. खरी तपासणी सुरू होण्याआधी ‘मला अर्धा मिनिट आत नेऊन परत बाहेर आणा’ अशी विनंतीही करता येते. एकदा बाहेर येता येतं हे अंगाने अनुभवलं, की दुसऱ्यांदा आत जाणं सोपं होतं.

घरी तयारी करायची असेल तर चार-पाच दिवस रोज पाठीवर सरळ झोपा, हात बाजूला, डोळ्यांवर कपडा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग वाढवत वीसपर्यंत. श्वास नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोठेमोठे आणि भरभर श्वास मात्र घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं की आपला जीव गुदमरतोय. म्हणजे भीती घालवायला केलेला उपायच भीती वाढवतो.

एवढं करूनही धीर होत नसेल तर डॉक्टरांकडून सौम्य गोळी मागण्यात काहीही कमीपणा नाही. अशी गोळी साधारणपणे तपासणीच्या 30 ते 60 मिनिटं आधी घेतात, म्हणून वेळेला उशीर होतोय का ते गोळी घेण्याआधी विचारून घ्या. बरोबर कुणीतरी हवंच, कारण त्यानंतर दिवसभर गाडी चालवायची नाही. घोरण्याचा मोठा त्रास, झोपेत श्वास अडकणं किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर ते आधी सांगा. दुसऱ्या कुणाच्या घरातली उरलेली झोपेची गोळी कधीच नको.

प्रश्न : मशीनचा आवाज फार भयंकर असतो म्हणतात. काही बिघडल्यासारखं वाटलं तर कसं ओळखायचं?

उत्तर : आवाज मोठा असतो हे खरं आहे आणि ते आधी माहीत असलेलं बरं. मुख्य चुंबकाच्या आत आणखी काही तारांची वेटोळी असतात. त्यांतला विजेचा प्रवाह सेकंदात अनेकदा चालू-बंद होतो. चुंबकाच्या जोरामुळे प्रत्येक वेळी ती वेटोळी हिसका बसल्यासारखी कंप पावतात, अगदी लाउडस्पीकरचा पडदा थरथरतो तशी. हा आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानाचं संरक्षण सक्तीचं असतं.

आवाज एकसारखाही नसतो. ठकठक, मग भोंग्यासारखा घुमणारा, मग मशीनगनसारखा भरभर, आणि मध्ये शांतता. प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळ्या चित्रांचा एक संच. सूर बदलला, टेबल थरथरलं किंवा सगळं एकदम शांत झालं, तर बिघाड झालेला नसतो, एक संच संपून पुढचा लागत असतो. आवाजाच्या मागे एक बारीक चिकचिक सतत चालू असते, तो चुंबक थंड ठेवणाऱ्या पंपाचा आवाज आहे.

कानातले फोमचे बोळे नीट बसले नाहीत तर त्यांचा निम्मा उपयोगही होत नाही. बोळा बोटांत पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवा. त्यावर हेडफोनही मागून घ्या. दोन्ही घातल्यावर खोलीतलं बोलणं दबलेलं ऐकू आलं पाहिजे. तसं नसेल तर आत जाण्याआधीच सांगा.

प्रश्न : कमरेचा त्रास आहे, पाठीवर दहा मिनिटंही पडवत नाही. आणि खोकला आला तर? हललो तर सगळं वाया जातं का?

उत्तर : सगळं वाया जात नाही. तपासणी साधारण दोन ते सहा मिनिटांच्या तुकड्यांत होते. ज्या तुकड्यात हललात तेवढाच बहुधा पुन्हा घ्यावा लागतो. (1977 मध्ये माणसाच्या छातीचं पहिलं एमआरआय चित्र घ्यायला जवळपास पाच तास लागले होते. आज गुडघ्याची पूर्ण तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत उरकते.) म्हणून आधीच सांगून ठेवा, ‘प्रत्येक वेळी आता किती मिनिटांचं आहे ते मला सांगाल का?’ बहुतेक टेक्निशियन आनंदाने सांगतात. तीस मिनिटं पडून राहायचं आहे यापेक्षा चार मिनिटं पडायचं आहे, हे मनाला झेपतं.

कमरेसाठी गुडघ्यांखाली पाचरीसारखी उशी मागा. पाय थोडे वाकले की कमरेवरचा ताण उतरतो. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिलेली असेल तर तिचा परिणाम तपासणीच्या वेळी असेल अशा बेताने ती कधी घ्यायची, ते त्यांना विचारा. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. ही साधी गोष्ट फार लोक विसरतात आणि मग विसाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. त्या सकाळी चहा-कॉफी बेताचीच घ्या. धडधड आणि लघवी, दोन्ही कमी राहतात.

स्थिर राहण्यासाठी अंग ताठ करू नका. ताणलेला स्नायू थोड्याच वेळात थरथरायला लागतो. खांदे सोडा, जबडा सैल ठेवा, जीभ खालच्या दातांमागे टेकवा. खोकला, शिंक, आवंढा, खाजवणं, सगळं शांततेच्या मधल्या वेळात. मानेच्या तपासणीत आवंढा गिळल्यानेही चित्र पुसट होतं, त्यामुळे आवाज चालू असताना तो शक्यतो रोखा.

श्वासाबद्दल एक बाब बऱ्याच सल्ल्यांत सुटते. भीती वाटली की पोटभर खोल श्वास घ्या असं सांगतात. पण खांदा, पाठ, छाती किंवा पोट यांची तपासणी चालू असेल तर खोल श्वासाने नेमका तोच भाग हलतो. तिथे श्वास लहान, संथ आणि एकसारखा ठेवा, मोठे श्वास मधल्या शांततेत घ्या. पोटाच्या तपासणीत ‘श्वास सोडा, धरून ठेवा’ अशा सूचना येतात. एका वेळी साधारण 10 ते 20 सेकंद धरावा लागतो. घरी घड्याळ लावून किती जमतं ते पाहा आणि कमी जमत असेल तर तसं सांगा, म्हणजे त्यांना लहान तुकडे करता येतील.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या एकांना मध्येच बाहेर काढून इंजेक्शन दिलं. काही गंभीर दिसलं म्हणून देतात का? आणि त्याची रिॲक्शन येते का?

उत्तर : बहुतेक वेळा ते आधीच ठरलेलं असतं. पहिली चित्रं इंजेक्शनशिवाय आणि नंतरची इंजेक्शनसह, अशी तुलना करायची असते, म्हणून ते मध्येच देतात. कधी कधी पहिली चित्रं पाहून एखादी शंका दूर करायलाही देतात. त्यावरून रोगाचा अंदाज बांधता येत नाही. एखादा तुकडा पुन्हा घेतला, जास्त वेळ लागला, टेक्निशियन गप्प राहिला, यांचंही तसंच. चित्रं वाचून निदान करणं त्याचं काम नाही, आणि रिपोर्ट विचारला की तो तोंड मिटतो ते नियमामुळे. त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करू नका, उगाच रात्रीची झोप जाते.

एमआरआयच्या इंजेक्शनमध्ये गॅडोलिनियम हा धातू असलेलं औषध असतं, त्याने चित्रात काही भाग उठून दिसतात. मात्रा वजनावर ठरते, मोठ्या माणसाला साधारण 6 ते 15 मिलिलिटर. आत जाताना हात गार पडल्यासारखा वाटतो, क्वचित तोंडाला धातूची चव येते किंवा थोडं मळमळतं. खरी ॲलर्जी क्वचितच होते. पण अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला तर लगेच फुगा दाबा. सुई टोचलेल्या जागी आग किंवा सूज वाटली तरी सांगा, औषध शिरेबाहेर जात असू शकतं. मूत्रपिंडाचा जुना आजार, गरोदरपण आणि आधी कधी आलेली रिॲक्शन, या तीन गोष्टी न विचारताही सांगायच्या.

सीटीचं इंजेक्शन वेगळं, त्यात आयोडीन असतं आणि ते बरंच जास्त, साधारण 50 ते 100 मिलिलिटर, मशीनने वेगात सोडतात. काही सेकंदांत घशापासून खाली सगळ्या अंगात ऊब पसरते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. एका मिनिटात ओसरतं. हे माहीत नसलेला माणूस हमखास दचकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते थांबवायचं का, हे आधी विचारा. मूत्रपिंडाच्या स्थितीवर ते ठरतं, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : सीटी स्कॅनलाही असंच आत कोंडून ठेवतात का? आणि किरणांचं काय?

उत्तर : सीटीचं मशीन म्हणजे एक रुंद कडं असतं, टेबल त्यातून पुढे-मागे सरकतं. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. जास्त वेळ जातो तो शीर शोधण्यात आणि नीट झोपवण्यात. एमआरआयची धास्ती मनात धरून सीटीला जाऊ नका.

किरणं सीटीमध्ये असतात, एमआरआयमध्ये नसतात. पोटाच्या सीटीचा डोस साधारण 5 ते 10 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप). जमीन, आकाश आणि हवेतून माणसाला वर्षभरात नैसर्गिकरीत्या मिळतो तो जगाच्या सरासरीने 2.4. म्हणजे एक सीटी हा काही वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका. डॉक्टरांनी कारण असताना सांगितला असेल तर एवढ्यासाठी तो टाळण्यात शहाणपण नाही. उगाच दोनदा काढावा लागू नये म्हणून जुनी सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा, बरोबर न्या. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा.

प्रश्न : माझ्या मांडीत जुना रॉड आहे. चुंबक तो ओढून काढेल का, ही भीती जात नाही.

उत्तर : हाडात पक्के बसवलेले रॉड आणि स्क्रू बहुतेक वेळा टायटॅनियमचे किंवा चुंबकाला न ओढल्या जाणाऱ्या स्टीलचे असतात. ते जागचे हलत नाहीत, फक्त आजूबाजूचं चित्र बिघडतं. पण हे तुम्ही किंवा आम्ही ठरवायचं नाही. शस्त्रक्रियेचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद दाखवा.

आत जाण्याआधी भरायला देतात तो फॉर्म म्हणजे कागदी सोपस्कार नाही. मशीन बंद दिसलं तरी चुंबक कायम चालू असतं, आणि 1.5 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30 हजार पट ताकदीचं असतं. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र), इन्सुलिन पंप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडी कण, हे सगळं लिहाच. वेल्डिंग किंवा घासकामात डोळ्याला इजा झाली असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात. आजचे काही पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण त्यासाठी मॉडेल नंबर लागतो आणि हृदयतज्ज्ञांशी आधी बोलावं लागतं.

दागिने, घड्याळ, केसातल्या पिना, हूक असलेले कपडे, मोबाइल, कार्ड, सगळं बाहेर. औषधाचे काही चिकटपट्टे मागून धातूचे असतात, ते तापून त्वचा भाजू शकते. व्यायामाच्या काही कपड्यांत चांदीचे धागे असतात, त्यामुळे केंद्राने दिलेला गाऊन घालणं उत्तम. आत हात हातात गुंफू नका, पायांची अढी घालू नका. त्वचेला त्वचा टेकून वर्तुळ तयार झालं की त्यातून प्रवाह वाहून चटका बसू शकतो. अंग थोडं गरम होणं नेहमीचं आहे, पण एकाच जागी चटका लागला तर वाट न पाहता फुगा दाबा.

प्रश्न : आईचं वय 76, कानाला यंत्र आहे आणि ते आत चालत नाही म्हणतात. सूचना कशा ऐकणार?

उत्तर : यंत्र बाहेरच ठेवावं लागेल. सगळं समजावून झाल्यावर, अगदी शेवटी काढा. खुणा आधी ठरवा: पायाला एकदा हात लावला की सुरू होतंय, दोनदा लावला की संपलं. धातूची तपासणी करून तुम्हाला आत उभं राहू देतात का ते विचारा, आणि आईंच्या पायाला किंवा नडगीला हात लावून थांबा. कानात बोळे तुम्हीही घाला, आणि आईंनाही घालायला लावा. कमी ऐकू येणाऱ्या कानालाही मोठ्या आवाजाने इजा होते.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीचा एमआरआय आहे. गुंगी द्यावीच लागेल का?

उत्तर : या वयाची बरीच मुलं तयारी केली तर गुंगीशिवाय पडून राहतात. आधी आठवडाभर ‘पुतळा’ खेळा. पाठीवर झोपायचं, एक मिनिट हलायचं नाही, मग दोन, मग पाच. मशीनच्या आवाजाची ध्वनिफीत आधी हळू, मग मोठ्याने ऐकवा. काही केंद्रांत सरावासाठी नकली मशीन किंवा आत पडून चित्रफीत पाहता येईल असा पडदा असतो, विचारून पाहा.

‘काही होणार नाही, घाबरू नकोस’ हे पुनःपुन्हा म्हणू नका. मुलांना त्यातून घाबरण्यासारखं काहीतरी आहे एवढंच कळतं. खरं तेच सांगा: आवाज मोठा असेल, दुखणार नाही, मी इथेच आहे. सुई टोचायची असेल तर ‘टोचेल, पण थोडंच’ असं सांगा आणि बधिर करणारं मलम मिळेल का ते विचारा. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. गुंगी ठरलीच तर उपाशी राहण्याचे तास कसोशीने पाळा. साधारणपणे घन आहार सहा तास आधी बंद असतो, पण केंद्राने तुमच्या मुलीसाठी लिहून दिलेलीच वेळ धरा. भूक लागली म्हणून हळूच दिलेलं एक बिस्कीटसुद्धा उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढवतं, आणि मग तपासणी पुढे ढकलतात.

प्रश्न : पहिल्याच प्रयत्नात मी तीन मिनिटांत फुगा दाबून बाहेर आलो. आता पुन्हा बोलावलं आहे. लाज वाटते आणि भीती दुप्पट झाली आहे.

उत्तर : असं होणं टेक्निशियनसाठी रोजचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फुगा वाजला, तुम्ही बाहेर आलात, म्हणजे व्यवस्था चालते हे तुम्ही स्वतः पाहिलंत.

आता नेमकं कशाने बिनसलं ते आठवा आणि एका ओळीत लिहून काढा. डोक्यावरची कॉइल? टेबल सरकताना? दंड दोन्ही बाजूंना घासले तेव्हा? आत कुणी बोलतच नव्हतं म्हणून? प्रत्येकाचा उपाय वेगळा. दंड घासत असतील तर रुंद मशीन, आणि हात पोटावर ठेवता येतात का ते विचारा. शांततेने घाबरलात तर दर तुकड्यानंतर बोलत राहायला सांगा. गुडघा किंवा पाऊल असेल तर पाय आधी घालून झोपवतात आणि डोकं बाहेर किंवा तोंडाशीच राहतं. ते मागच्या वेळी नीट समजलं नव्हतं असंही होतं.

या वेळी सकाळची पहिली वेळ मागा. बाहेर बसून वाट पाहण्यात भीती वाढते, आणि दिवसाच्या सुरुवातीला सहसा खोळंबा कमी असतो. सर्वांत महत्त्वाचा तुकडा आधी घ्यायला सांगा, म्हणजे पुढे थांबावं लागलं तरी डॉक्टरांच्या हाती काहीतरी उपयोगाचं पडेल. पुन्हा बाहेर यावंच लागलं तर टेबलावरून एकदम उठू नका. श्वास बसू द्या आणि मग आत जायचं का ते ठरवा. डोकं आणि अंग जागचं हललं नाही तर पुढे चालू ठेवणं सोपं जातं. उठून बसलात तर जागा जुळवणारी सुरुवातीची चित्रं पुन्हा घ्यावी लागतात, पण तीही अर्ध्या-एक मिनिटाचीच असतात. आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं असेल तर आजच बोला, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नको.